गेलेल्यांचा आणि आलेल्यांचा आइसलँड

इ.स. १७०३ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या हुकुमावरून आइसलँडमधल्या प्रत्येक माणसाची नावनिशीवार नोंद करण्यात आली. शेतकरी, त्याची बायको-मुले, गडी, मोलकरणी आणि दारोदार फिरून पोट भरणारे भिकारीसुद्धा त्या याद्यांमध्ये आले. एकूण संख्या भरली ५०,३५८. संपूर्ण देशाची अशी शिरगणती त्याआधी जगात कुठेही झालेली नाही, असे मानले जाते. १८०१ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा वाढण्याऐवजी घसरून ४७ हजारांवर आला होता. मधल्या काळात देवीची साथ येऊन गेली होती आणि १७८३ मध्ये लाकीचा ज्वालामुखी फुटला होता. तो आठ महिने धुमसत राहिला. विषारी धुराने कुरणे जळाली, बहुतेक मेंढ्या मेल्या आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशातला दर पाचवा माणूस दगावला.

एवढ्या मोजक्या माणसांचा देश स्वतःकडे कसा पाहत असेल? आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे एक लाख तीन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकसंख्या आजही चार लाखांच्या आतच, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या लातूर शहराएवढी. चहूबाजूंनी उत्तर अटलांटिक समुद्र, नॉर्वे सुमारे हजार किलोमीटर दूर आणि देशाचा मधला भाग हिमनद्या व लाव्हाच्या खडकांनी भरलेला, माणसाला राहण्यास अयोग्य. अशा ठिकाणी एक कुटुंब गेले तरी जाणवते आणि एक कुटुंब आले तरी जाणवते. म्हणूनच स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख यांचे नाते तपासायचे असेल तर आइसलँडइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. मोठ्या देशांत जी उलथापालथ आकडेवारीत दडून जाते, ती इथे प्रत्येक घरात दिसते.

एकाच रक्ताची समजूत

आइसलँडची स्वतःविषयीची आवडती कथा अशी: नवव्या शतकात नॉर्वेमधले काही स्वाभिमानी सरदार राजाच्या जाचाला कंटाळून निघाले आणि या निर्जन बेटावर उतरले. परंपरा पहिल्या वसाहतकाराचे नाव इंगोल्फुर आर्नारसन असे सांगते आणि साल ८७४ देते. ९३० मध्ये त्यांनी थिंगवेलीरच्या मैदानावर आल्थिंग ही सभा भरवली. आल्थिंग हेच आजच्या संसदेचेही नाव आहे. पहिल्या वसाहतकारांपैकी चारशेहून अधिक जणांची नावे, त्यांनी धरलेल्या जमिनी आणि त्यांचे वंश ‘लान्दनामाबोक’ या मध्ययुगीन ग्रंथात नोंदलेले आहेत. पुढची हजार वर्षे बाहेरचे फारसे कोणी आले नाही, त्यामुळे आम्ही सारे त्या मूळ वसाहतकारांचेच वंशज, असा या कथेचा शेवट.

या कथेत सत्याचा मोठा अंश आहे. तरीही आनुवंशिकीने तिच्यातली एक उणीव दाखवून दिली. कारी स्टेफान्सन यांनी १९९६ मध्ये रेक्याविकमध्ये ‘डीकोड जेनेटिक्स’ ही कंपनी काढली. तिथे आणि इतरत्र झालेल्या संशोधनातून असे दिसले की, पित्याकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राचा माग काढला तर आइसलँडचे सुमारे तीन-चतुर्थांश मूळ पुरुष स्कँडिनेव्हियातून आलेले ठरतात. आईकडून येणाऱ्या जनुकांचा माग काढला तर मात्र निम्म्याहून अधिक मूळ स्त्रिया स्कॉटलंड, आयर्लंड आणि आसपासच्या बेटांवरच्या निघतात. त्यांतल्या काही लग्न होऊन आल्या असतील, पण अनेकींना गुलाम म्हणून पकडून आणले होते, हे जुन्या सागा-कथांमध्येही लिहिलेले आहे. म्हणजे ज्या देशाला आपण एकाच रक्ताचा म्हणून ओळखतो, त्याची सुरुवातच दोन वेगळ्या लोकसमूहांपासून झाली होती आणि त्यांतला एक समूह आपल्या मर्जीने आलेला नव्हता. त्या स्त्रियांची गेलिक भाषा टिकली नाही. त्यांच्या मुलांनी वडिलांची भाषा उचलली, आणि तीच पुढे सगळ्यांची झाली.

देश सोडून गेलेले

एकोणिसाव्या शतकात माणसे उलट दिशेने निघाली. त्यामागे ज्वालामुखी होते, थंडी होती आणि कायदाही होता. आइसलँडमध्ये शतकानुशतके असा नियम होता की, ज्याच्याकडे ठरावीक किमतीची मालमत्ता नाही त्याने कोणत्यातरी शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या कराराने गडी म्हणून राहिलेच पाहिजे. मालक बदलायचा तर तो वसंतातल्या ठरलेल्या दिवसांतच. लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा असा दुसऱ्याच्या घरात राबत होता. स्वतःची शेती मिळाल्याशिवाय लग्न करून संसार थाटणे त्यांना जवळपास अशक्य होते, आणि शेतीयोग्य जमीन तर वाढत नव्हती. तरुणपण दुसऱ्याच्या गोठ्यात घालवलेल्या माणसाला समुद्रापलीकडे फुकटात जमीन मिळते हे कळले, तर तो निघणारच.

पहिल्या तुकड्या लहान होत्या. १८५५ पासून काही मॉर्मन कुटुंबे अमेरिकेतल्या युटाकडे गेली, काही लोक ब्राझीलला गेले. खरी रीघ लागली ती १८७० नंतर. मार्च १८७५ मध्ये आस्क्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. पूर्वेकडच्या खोऱ्यांतली कुरणे राखेखाली गाडली गेली, राख स्कँडिनेव्हियापर्यंत उडाली. घोडे आणि मेंढ्या विकत घ्यायला येणाऱ्या ब्रिटिश जहाजांवर आता माणसेही चढू लागली. १८७० ते १९१४ या काळात सुमारे १५ हजार लोक उत्तर अमेरिकेत गेले. १८७० मध्ये देशाची एकूण लोकसंख्या ७० हजारांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे जखमेची खोली कळते.

मायदेशात त्यावर कडवट वाद झाला. बेनेडिक्ट ग्रेंदाल या नामवंत लेखकाने १८८८ मध्ये स्थलांतराविरुद्ध पुस्तिका काढली आणि जहाज कंपन्यांच्या दलालांवर व लोकांना भुलवणाऱ्यांवर तोफ डागली. त्या रागामागे खरी भीती होती. डेन्मार्कपासून स्वातंत्र्य मागणारी चळवळ नुकती कुठे मूळ धरत होती. योन सिगुर्डसन यांच्या नेतृत्वाखाली लढून १८७४ मध्ये देशाला पहिले संविधान मिळाले होते. अशा वेळी तरुण माणसे निघून गेली तर राष्ट्र उभे कोणाच्या जोरावर राहणार, हा प्रश्न खोटा नव्हता.

विनिपेग सरोवराच्या काठी

ऑक्टोबर १८७५ मध्ये आइसलँडच्या स्थलांतरितांची पहिली मोठी तुकडी कॅनडातल्या विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावर उतरली. त्यांचा म्होरक्या सिगट्रिगुर योनासन हा तरुण होता. कॅनडा सरकारने हा पट्टा त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. त्यांनी त्याला ‘नवे आइसलँड’ म्हटले आणि पहिल्या वस्तीचे नाव ठेवले गिमली. नॉर्स पुराणकथेत जगाच्या विनाशानंतर उरलेले लोक ज्या सुंदर ठिकाणी राहतात, त्याचे हे नाव.

पहिला हिवाळा भयंकर गेला. लाकडाची घरे बांधायची सवय नाही, गोठलेल्या सरोवराखाली जाळे टाकून मासे पकडण्याचे तंत्र ठाऊक नाही. १८७६ च्या शरदात देवीची साथ आली आणि शंभराहून अधिक स्थलांतरित मेले. ती जागा रिकामी नव्हती. तिथे सँडी बार या ठिकाणी मूळ रहिवाशांची वस्ती होती आणि त्या साथीने तिचा जवळपास नाश झाला. त्यांच्यातला जॉन रॅमसे याने आपली जमीन जात असताना विरोध केला, तरीही नवख्या लोकांना शिकार आणि मासेमारी शिकवली. साथीत त्याची पत्नी बेट्सी आणि बहुतेक मुले गेली. त्याने तिच्या थडग्यावर उभारलेला संगमरवरी दगड तिथे आजही आहे. आपल्या देशात जमीन न मिळालेली माणसे इथे दुसऱ्याच्या जमिनीवर आली होती. नव्या आइसलँडचा इतिहास सांगताना ही बाजू गाळून चालणार नाही.

वसाहतीने आपले संविधान लिहिले, आपले जिल्हे पाडले. १८७७ मध्ये, झोपड्यांतून अजून धूर भरलेला असताना, त्यांनी ‘फ्रामफारी’ हे आइसलँडिक भाषेतले वृत्तपत्र छापायला घेतले. पुढे विनिपेगमध्ये ‘हाइम्सक्रिंगला’ (१८८६) आणि ‘लोगबेर्ग’ (१८८८) ही दोन साप्ताहिके निघाली. १९५९ मध्ये ती एकत्र झाली आणि ते एकत्रित पत्र आता मुख्यतः इंग्रजीत का होईना, पण अजूनही निघते. अल्बर्टा प्रांतात स्टेफान जी. स्टेफान्सन दिवसभर शेती करून रात्री कविता लिहीत असे. तो आज आइसलँडच्या थोर कवींमध्ये गणला जातो. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडासाठी बर्फावरच्या हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या ‘विनिपेग फाल्कन्स’ संघातले जवळपास सगळे खेळाडू याच घरांमधले होते.

आणि ज्यांना पळपुटे म्हटले गेले, त्यांनी मायदेशासाठी काय केले? १९१४ मध्ये आइसलँडने ‘एइम्स्किप’ ही आपली पहिली मोठी जहाज कंपनी उभारली. तोवर देशाचा सागरी व्यापार परक्यांच्या जहाजांवर चालत असे. या कंपनीचे भाग विकत घेणाऱ्यांमध्ये कॅनडातले आइसलँडर मोठ्या संख्येने होते. १९३० मध्ये आल्थिंगच्या हजाराव्या वर्धापनदिनाला ते जहाजे भरून आले. १९५१ मध्ये त्यांच्या देणग्यांतून मॅनिटोबा विद्यापीठात आइसलँडिक भाषा-साहित्याचे अध्यासन सुरू झाले. आज कॅनडात आइसलँडिक वंश सांगणारे सुमारे एक लाख लोक आहेत. त्यांतल्या बहुतेकांना ती भाषा बोलता येत नाही, तरी १८९० पासून चालत आलेला त्यांचा उन्हाळी उत्सव दरवर्षी भरतो.

ओळखीची तटबंदी

इकडे मायदेशात १९१८ मध्ये सार्वभौमत्व आले आणि १७ जून १९४४ रोजी, म्हणजे योन सिगुर्डसन यांच्या जयंतीला, प्रजासत्ताक जाहीर झाले. आइसलँडकडे लष्कर नव्हते, राजवाडे नव्हते, मोठी मंदिरे वा किल्लेही नव्हते. राष्ट्रपणाचा पुरावा म्हणून त्याच्याकडे होती ती भाषा आणि त्या भाषेतली जुनी हस्तलिखिते. ती हस्तलिखिते कोपनहेगनमध्ये होती. २१ एप्रिल १९७१ रोजी त्यांतली पहिली दोन जहाजातून रेक्याविक बंदरात परत आली, तेव्हा धक्क्यावर हजारो लोक लोटले होते. पुस्तके घरी आली म्हणून सुट्टी पाळणारा हा देश आहे.

या प्रेमाला एक कठोर बाजूही होती. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते, पित्याच्या किंवा आईच्या नावापुढे ‘सन’ अथवा ‘दोत्तिर’ जोडले जाते. १९२५ च्या कायद्याने नवी आडनावे घेण्यास बंदी घातली. पुढे कित्येक दशके नागरिकत्व मिळवणाऱ्या परदेशी माणसाला आपले नाव टाकून आइसलँडिक नाव घ्यावे लागे. ही सक्ती १९९६ च्या कायद्याने संपली. १९३० च्या दशकात जर्मनीतून पळालेल्या अनेक ज्यूंना देशाने दार उघडले नाही. मे १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य उतरले, पुढच्या वर्षी अमेरिकन आले, आणि सव्वा लाख लोकवस्तीच्या देशात ४० हजारांहून अधिक परके सैनिक वावरू लागले. तेव्हा राष्ट्राच्या शुद्धतेची सगळी चिंता स्थानिक मुलींवर घसरली. सैनिकांशी बोलणाऱ्या मुलींवर पाळत ठेवली गेली आणि १९४२ मध्ये त्यांतल्या काहींना ग्रामीण भागातल्या एका सुधारगृहात डांबण्यात आले. युद्धानंतर केफ्लाविकला अमेरिकी तळ झाला, तेव्हा सरकारने कृष्णवर्णीय सैनिक पाठवू नयेत अशी अट गुपचूप घातली होती. छोट्या समाजाची भीती समजून घेता येते. पण त्या भीतीची किंमत प्रत्येक वेळी कोणी मोजली, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. ती मोजली दुबळ्यांनी.

पोलंडहून आलेले शेजारी

मग काळ पालटला. १९९४ मध्ये आइसलँड युरोपीय आर्थिक क्षेत्रात सामील झाला आणि सभासद देशांतल्या माणसांना तिथे येऊन काम करण्याचा हक्क मिळाला. १ मे २००६ पासून हा हक्क पोलंड, लिथुआनिया अशा नव्या सभासदांनाही लागू झाला. पूर्वेकडे काराह्न्युकार धरणाचे काम जोरात होते, रेक्याविकमध्ये इमारती उठत होत्या, मासे प्रक्रियेच्या कारखान्यांत हात कमी पडत होते, त्यामुळे बाहेरून माणसे येत राहिली. ऑक्टोबर २००८ मध्ये देशाच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या आणि प्रवाह पुन्हा उलटला. २००९ मध्ये आलेल्यांपेक्षा गेलेल्यांची संख्या जवळपास पाच हजारांनी जास्त होती. अनेक आइसलँडर सुतार, परिचारिका, डॉक्टर नॉर्वेला गेले. ज्या पिढीला स्थलांतर हा आजोबा-पणजोबांच्या काळातला विषय वाटत होता, तिच्याच घरातल्या बॅगा भरल्या गेल्या.

दोन-तीन वर्षांतच पर्यटनाने अर्थव्यवस्था सावरली. २०१० मध्ये पाच लाखांहून कमी पर्यटक आले होते, २०१८ मध्ये २३ लाख आले. त्यांच्या खोल्या झाडायला, बस चालवायला, जेवण रांधायला माणसे बाहेरूनच आणावी लागली. १९९६ मध्ये लोकसंख्येतले स्थलांतरितांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते. आज जवळपास दर पाचवा रहिवासी परदेशात जन्मलेला आहे आणि त्यांतला सुमारे एक तृतीयांश हिस्सा पोलंडच्या लोकांचा आहे. इतक्या कमी काळात इतका मोठा बदल युरोपात फार थोड्या देशांनी पाहिला आहे.

हे लोक भरपूर काम करतात. स्थलांतरितांमध्ये रोजगाराचे प्रमाण विकसित देशांत आइसलँडमध्ये सर्वाधिक आहे. पण काम मिळाले म्हणजे समाजात जागा मिळाली, असे होत नाही. जून २०२० मध्ये रेक्याविकमधल्या एका जुन्या लाकडी घराला आग लागली. तिथे दाटीवाटीने स्थलांतरित कामगार राहत होते. पोलंडमधून आलेले तिघे तरुण त्यात गेले. त्याआधी, ८ मार्च २०१९ रोजी, ‘एफ्लिंग’ या कामगार संघटनेने हॉटेलांतल्या सफाई कामगार स्त्रियांचा संप केला होता. त्या बहुसंख्य परदेशी होत्या. एका संपाने आणि एका आगीने देशाला आपल्याच घरात राहणारी, पण दिसत नसलेली माणसे दिसली.

दुसऱ्या टोकाला आशेची चिन्हेही आहेत. पोलंडमध्ये जन्मलेले पावेल बार्तोशेक २०१६ मध्ये आल्थिंगवर निवडून आले. २०१६ ते २०२४ या काळात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिझा रीड या कॅनडात जन्मलेल्या होत्या आणि भाषा शिकून त्या देशात मिसळल्या होत्या. २०२२ मध्ये तोमास गुडमुन्डसन यांच्या नावाचा काव्यपुरस्कार नताशा एस. या रशियात जन्मलेल्या कवयित्रीला मिळाला. तिने कविता आइसलँडिकमध्ये लिहिल्या होत्या. ज्या देशाचा मानबिंदूच साहित्य आहे, तिथे परक्या मुलखातून आलेल्या व्यक्तीने त्या भाषेत कविता लिहून पुरस्कार मिळवणे याला नागरिकत्वाच्या कागदापेक्षा मोठा अर्थ आहे.

भाषा कोणाची?

आइसलँडिक ही देशाची राष्ट्रभाषा आहे असे कायद्याने २०११ मध्ये नमूद केले. नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा २००९ पासून आहे. तरीही ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालात दिसले की, सभासद देशांमध्ये स्थानिक भाषा चांगली येणाऱ्या स्थलांतरितांचे प्रमाण आइसलँडमध्ये सर्वांत कमी, म्हणजे पाचांत एकापेक्षाही कमी आहे. याचे कारण नवख्यांचा आळस नव्हे. बारा तास काम करणाऱ्या माणसाला वर्ग सोयीचे नसतात, ते फुकटही नसतात. शिवाय नवखा माणूस दुकानात अडखळत आइसलँडिक बोलू लागला की समोरचा चटकन इंग्रजीत उत्तर देतो. मदत म्हणूनच देतो, पण शिकणाऱ्याची संधी तिथेच संपते. या सवयीविरुद्ध वेस्टफ्योर्ड्स भागातल्या ईसाफ्योर्दुर या छोट्या गावातून एक मोहीम निघाली. तिचे म्हणणे साधे आहे: तोडके-मोडके ऐकून घ्या, सावकाश बोला, पण आपल्याच भाषेत बोला.

या मोहिमेत मला आइसलँडच्या साऱ्या इतिहासाचे सार दिसते. रक्त ही ओळख मानली तर देशाची वाढ आतल्या माणसांपुरतीच राहते. ती माणसे दुष्काळाने, साथीने, बेकारीने कधीही निघून जाऊ शकतात, हे १८७५ ने आणि २००९ ने दाखवले. भाषा ही ओळख मानली तर दार उघडे राहते, कारण भाषा शिकता येते. गेलिक मातांची मुले ती शिकली म्हणूनच आइसलँड एकसंध झाला. मात्र शिकवण्याची जबाबदारी यजमानाचीही असते. परीक्षा घेणे सोपे, ऐकून घेणे कठीण.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. आपल्याकडे भाषक संख्येने आइसलँडच्या दोनशेपट आहेत, तरी बाहेरून आलेल्या रिक्षावाल्याने वा दुकानदाराने मोडके मराठी बोलायला सुरुवात केली की आपणच हिंदीवर उतरतो आणि नंतर त्याला मराठी येत नाही म्हणून तक्रार करतो. साडेतीन-चार लाखांच्या देशातले लोक जे करून पाहत आहेत, ते आपल्याला अवघड नाही. पुढच्या वेळी कोणी अडखळत मराठी बोलले, तर सावकाश आणि मराठीतच उत्तर द्या.